सहा माणसं, शेवटचे ६०० मीटर आणि एक पिकअप

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. दिंडोरी तालुक्यात ७ एकर द्राक्षबाग आणि थोडा टोमॅटो आहे. घरात आम्ही दोघं, ११ आणि ५ वर्षांची मुलं, आई आणि नाना. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ९ वर्षांची एक छोटी कार आहे, ट्रॅक्टर मळ्यावरच असतो. डांबरी सोडल्यावर ६०० मीटर काळ्या मातीचा शिवार रस्ता आहे. पिकअप सिंगल कॅब (सीटची एकच रांग) घ्यावी की डबल (दोन रांगा)? फोर-बाय-फोरला जास्तीचे पैसे घालावेत का? ३० लाखांपर्यंत जाऊ शकतो."

भाऊ, मी २६ वर्षं अंबडला गॅरेज चालवतो. जास्त काम गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) आणि डिफरन्शिअलचं (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा भाग). आमची स्वतःची बाग निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे तुमचा ६०० मीटरचा रस्ता मला न बघताही दिसतोय. उत्तर लांब होईल, पण तीस लाखांचा प्रश्न आहे, वाचा.

आधी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी बोलणार नाही ती सांगतो. तुम्ही सहा जण आहात आणि आपल्याकडे मिळणाऱ्या कुठल्याही डबल कॅबमध्ये पाचच जागा असतात. पाच वर्षांचं लेकरू आजीच्या मांडीवर बसेल हा हिशोब मनातून काढून टाका. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडाची गोष्ट सोडा. अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं १८ किलोचं मूल कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून ही पिकअप तुमची एकुलती एक गाडी होऊ शकत नाही. ती जुनी कार विकायची नाही, हे आजच ठरवा. एक्सचेंज बोनससाठी सेल्समन मागे लागेल, तरी नाही. सगळे मिळून वणीला गडावर जाताना दोन गाड्या निघतील, किंवा त्या दिवशी सात आसनी भाड्याने घ्याल. वर्षात असे दिवस किती येतात ते घरात बसून मोजा. आठवड्याला एकदा येत असतील तर तुम्हाला पिकअप नको, सात आसनी एसयूव्ही हवी, आणि मालासाठी भाड्याची गाडी. महिन्यातून एखाददा असेल तर पुढे वाचा.

आता कॅब. माल किती, यावरून लोक कॅब ठरवायला बसतात आणि तिथेच चुकतात. तुमचा कोणता माल तुमच्या स्वतःच्या गाडीत जाणार आहे ते पाहू. द्राक्षं? ती तर व्यापारी बागेवरून उचलतो, त्याच्या गाडीत, त्याच्या क्रेटमध्ये. टोमॅटो? तोडा जोरात असला की एका दिवशी ६०-७० क्रेट निघतात. २० किलोचा क्रेट धरला तर १२०० ते १४०० किलो झाले. एवढा माल पिंपळगावच्या मार्केटला न्यायला तुम्ही आत्ताही भाड्याची मोठी पिकअप बोलावत असणार आणि पुढेही बोलावणार. मग उरलं काय? औषधांचे बॉक्स, खताच्या पाच-सहा गोण्या, ठिबकच्या नळीची बंडलं, मोटर दुरुस्तीला न्यायची, उरलेसुरले १०-१५ क्रेट. एका फेरीला यातलं जे जाईल ते ३००-४०० किलोच्या आत बसतं. एवढ्यासाठी सिंगल कॅबचा लांब हौदा लागत नाही. सिंगल कॅबमध्ये तुम्ही दोघं बसाल आणि मुलं, आई, नाना कायम मागे राहतील. म्हणजे कुटुंबासाठी गाडी घेऊन ती कुटुंबाला वापरता येणार नाही. परदेशात दोन्हींच्या मधली, मागे छोटं बाकडं असलेली कॅबही मिळते. आपल्याकडे नवीन गाडी घेताना तो पर्याय धरूच नका. डबल कॅबच घ्या.

मात्र डबल कॅबचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब असतो. चाकांच्या कमानी आत येतात, त्यामुळे खालच्या थरात सहा-सात क्रेट बसतात, वर आठ. २० फुटी पीव्हीसी पाइप आडवा, तिरपा, कसाही बसत नाही. तो दुकानदाराकडून मळ्यावर पोचता करून घ्या. फाळका उघडा ठेवून पाइप बाहेर काढून नेणारे मी रोज बघतो. मागून मोटरसायकलवाला येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय असतं, हे एकदा मागे उभं राहून बघा.

मालाचा दुसरा हिशोब कागदावरचा. आरसी बुकात ग्रॉस वजन आणि रिकामं वजन, दोन्ही असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे गाडीने उचलायचं सगळं वजन, आणि त्या "सगळ्या"त माणसंही येतात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. ग्रॉस २७०० आणि रिकामं २०००, तर हातात ७०० किलो. सरासरी ६५ किलोची पाच माणसं बसली की ३२५ गेले, उरले ३७५. त्यातून हौद्यावरचं फायबरचं झाकण, लोखंडी बंपर, टूलबॉक्स, जे जे हौसेने बसवाल ते सगळं वजा करत जा. खाजगी नोंदणीच्या पिकअपमध्ये कागदावरची ही जागा तोंडी सांगितली जाते त्यापेक्षा फारच कमी निघते. म्हणून बुकिंगआधी त्या मॉडेलच्या एखाद्या गाडीचं आरसी बुक मागा आणि वजाबाकी स्वतः करा. गोण्या भरायच्या दिवशी गाडीत दोघंच असतील तर अडत नाही. पण पाच माणसं आणि गच्च हौदा एकाच फेरीत, हे या गाड्यांचं काम नाही.

कॅबची खरी परीक्षा मागच्या सीटवर होते. पिकअपमध्ये मागच्या सीटच्या पाठीला लगेच कॅबची भिंत असते, म्हणून पाठ सरळ उभी राहते. एसयूव्हीत बसतो तसं रेलून बसता येत नाही. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे कळत नाही. दिंडोरी-वणी करून परत येईपर्यंत आईंना मागे बसवा, मग विचारा. नानांची गोष्ट वेगळी. या गाड्यांचा फ्लोअर जमिनीपासून उंच असतो. ऑपरेशन झालेला गुडघा पूर्ण वाकवून, त्यावर अंगाचा भार टाकून वर चढायचं असतं. मागचं दार आखूड असतं, पाय आत वळवायला जागा कमी मिळते. त्यामुळे नानांची जागा पुढची, डावीकडची. साइड स्टेप रुंद पाहिजे, नुसती गोल नळी नको, कारण चिखलाचा बूट नळीवरून सटकतो. आणि पुढच्या खांबावर धरायला मूठ आहे का ते बघा. काही गाड्यांत ती ड्रायव्हरच्या बाजूला नसते, काहींत दोन्हीकडे असते. नाना स्वतःच्या हाताने धरून चढले आणि, त्याहून महत्त्वाचं, उतरले, तर गाडी पास. त्यांना दोघांनी धरावं लागलं तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या.

पाच वर्षांच्या मुलासाठी मागे आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हुक आहेत का, आणि मधल्या जागेला तीन पॉइंटचा बेल्ट आहे की नुसता कमरेचा, हेही हाताने चाचपून बघा. आणि एक हात जोडून विनंती. मुलांना हौद्यात बसवायचं नाही. मळ्यातल्या मळ्यात नाही, जत्रेला नाही, लग्नाच्या वरातीत नाही. फाळक्याची कडी उडालेली आणि त्यानंतरचं दवाखान्यातलं, दोन्ही मी जवळून पाहिलं आहे. विमाही हौद्यातल्या माणसाला धरत नाही.

आता नंबर प्लेटचा विषय, कारण तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीच्या गाड्या येणार. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि इसुझूची एस-कॅब या डबल कॅब असल्या तरी माल वाहतुकीच्या, पिवळ्या प्लेटच्या. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स खाजगी, पांढऱ्या प्लेटवर घेता येतात. पिवळी प्लेट म्हणजे नवीन असताना दोन वर्षांचं फिटनेस सर्टिफिकेट, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या प्लेटला १५ वर्षं ती कटकट नाही. मालवाहू गाडीला ताशी ८० चा स्पीड लिमिटर असतो. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, मालवाहू गाडीला ८० ची. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आपल्याकडची माणसं मुंबईला आणि नागपूरला समृद्धीवरूनच जातात. त्या रस्त्यावर ८० ने अख्खं कुटुंब घेऊन जाणं म्हणजे दिवस मोडणं. लायसन्सची भीती मात्र घालू देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७,५०० किलो ग्रॉस वजनापर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. विमा मात्र नीट विचारायचा. मालवाहू गाडीचा विमा मुळात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस गाडीत आहे असं धरून चालतो. बायको-मुलं घेऊन शिर्डीला जाताना काही झालं तर कंपनी काय म्हणेल, ते पॉलिसी घेण्याआधी लेखी मागा. तोंडी "हो साहेब, सगळं कव्हर आहे" याला काहीही किंमत नाही.

तुमची गाडी आठवड्यातले चार दिवस घरच्या माणसांसाठी निघणार असेल, आणि पत्रावरून तसंच दिसतंय, तर पांढरी प्लेट घ्या. फक्त मळा आणि मार्केट एवढंच असतं तर मी डोळे झाकून कॅम्पर सांगितली असती. किंमत व्ही-क्रॉस आणि हायलक्सच्या निम्म्याहून कमी, लांबी ४.९ मीटरच्या आत, आणि सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे बोलेरोचं काम येणारा मिस्त्री आपल्याकडे प्रत्येक चौकात, पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावी. मळ्यावरच्या कामासाठी ती गाडी मला मनापासून आवडते. पण आई-नानांना मागे बसवून तीन तास न्यायची ती गाडी नाही.

आता ड्राइव्ह. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पैसा इथेच वाया जातो किंवा सार्थकी लागतो.

पिकअप मुळात मागच्या चाकांवर चालते. हौदा भरलेला असला की मागच्या चाकांवर वजन असतं आणि ती जमीन पकडतात. रिकामी पिकअप मागे हलकी होते. त्यात डिफरन्शिअलचा स्वभाव असा की दोन चाकांपैकी ज्याला अडथळा कमी, त्याच्याकडे फिरणं जातं. म्हणजे डावं चाक चिखलात गेलं की तेच गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं उजवं नुसतं उभं राहतं. रिकामी टू-बाय-फोर, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारी, पिकअप ओल्या शिवार रस्त्यावर साध्या हॅचबॅकच्याही आधी रुतते ती यामुळे. हॅचबॅकमध्ये इंजिनचं वजन तरी चालणाऱ्या चाकांवर असतं. पावसाळ्यात हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, वाळूच्या दोन-तीन गोण्या पक्क्या बांधून ठेवल्या तर खूप फरक पडतो. माझे बरेच गिऱ्हाईक टू-बाय-फोर आणि चांगले टायर यावर अख्खा पावसाळा काढतात.

आपल्याकडच्या पिकअपमधलं फोर-बाय-फोर "पार्ट टाइम" असतं. रोज गाडी मागच्या चाकांवर चालवायची, गरज पडली की नॉब फिरवून पुढचा ॲक्सल जोडायचा. जोडल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. पण वळताना पुढची चाकं मोठा फेरा मारतात, मागची छोटा. मातीत हा फरक चाक किंचित घसरून भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून तो ताण शाफ्ट, जॉइंट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. एक गिऱ्हाईक पावसाची भुरभुर बघून नाशिकहून शिर्डीपर्यंत गाडी फोर-एचमध्ये (चारही चाकं जोडून, नेहमीच्या वेगाने) नेऊन आला. पुढे पाऊस नव्हता, नॉब फिरवायचा राहिला. वळणावर गाडी आखडायला लागली, खालून कटकट आवाज यायला लागला, पाठोपाठ ट्रान्सफर केस उघडावी लागली. तेव्हा घरात जो जो ही गाडी चालवणार, त्या प्रत्येकाला हे शिकवा. वहिनी चालवणार असतील तर त्यांना आधी. डांबर लागलं की टू-एच, म्हणजे परत मागची दोनच चाकं. फोर-एल म्हणजे वेग साधारण अडीच पटीने कमी आणि चाकावरचा जोर तेवढाच जास्त. ते रुतलेल्यातून निघायला, खड्या चढाला, रुतलेली ट्रॉली ओढायला. कसारा किंवा चांदवडचा घाट फोर-एलने उतरायचा नसतो. तिथे टू-एचमध्ये खालचा गिअर टाकून इंजिनवर गाडी रोखायची, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला घेऊन.

आता तुमच्या ६०० मीटरवर येऊ. काळी माती मुरमासारखी नसते. पाणी प्यायली की फुगते, चिकट होते आणि टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत रबरी पाइपासारखा होतो. २०१९ च्या पावसाळ्यात मी स्वतः फोर-बाय-फोर घेऊन दिंडोरीकडच्या एका मळ्यावर गेलो होतो, कंपनीच्या हायवे टायरवर. चारही चाकं फिरत होती आणि गाडी हळूहळू तिरकी होत चारीत गेली. ट्रॅक्टरनेच काढली. दुसऱ्या आठवड्यात तीच गाडी खोल खाचांचे ऑल-टेरेन (ए/टी) टायर टाकून, हवा २२ पीएसआयवर आणून त्याच रस्त्याने नेली. गेली. फोर-बाय-फोरची जास्तीची किंमत भराल आणि टायर शोरूमचेच ठेवाल तर अर्धं काम सोडून दिल्यासारखं होईल. ए/टी टायरचा सेट आणि एक १२ व्होल्टचा पंप बजेटमध्ये आधीच धरा. हवा कमी करायची ती मातीसाठी. डांबरावर आल्यावर भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, नाहीतर टायरची भिंत तापून फाटते.

मग तुम्हाला फोर-बाय-फोर लागेल का? तुमचं पत्र वाचून आधी माझ्या मनात नाही आलं. कारण तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि तो मळ्यावरच असतो. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर ऑक्टोबरात पाऊस आला की केवडा रोगाच्या धास्तीने फवारणी थांबवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण फवारणी ट्रॅक्टर करतो. औषधाचे बॉक्स डांबरीच्या कडेला उतरवून ट्रॅक्टरवर नेता येतात. तुम्ही स्वतः ६०० मीटर चालू शकता. नुसत्या शेतीच्या हिशोबाने बघितलं तर टू-बाय-फोर, चांगले टायर आणि ट्रॅक्टर, एवढं पुरतं. ते पैसे शिवार रस्त्यावर मुरूम टाकायला घातले तर शेजारचेही दुवा देतील. बांधाला बांध लागून असलेल्या चौघांनी वर्गणी काढून मुरूम टाकला तर ६०० मीटरचं काम आवाक्यातलं असतं. हे आधी करून बघा, खरंच.

पण मग नाना आठवले. बाग त्यांनी उभी केली असणार. पावसाळ्यात त्यांना डांबरीवर उतरवून चिखलातून चालवणार का? ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवणार का? की चार महिने ते फ्लॅटच्या गॅलरीत बसून राहणार? आणि मळ्यावर असताना रात्री कोणाची तब्येत बिघडली तर बाहेर यायला तेच ६०० मीटर आहेत. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर फोर-बाय-फोर, लो-रेंजसहित (म्हणजे फोर-एल असलेली). क्रेटसाठी नाही, नानांच्या गुडघ्यासाठी. मळ्यावर ते जातच नसते, किंवा तुमचा रस्ता मुरमाड असता, तर मी टू-बाय-फोरवर ठाम राहिलो असतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. कादवा असो की बाणगंगा, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर फोर-बाय-फोर काही करत नाही. वाहतं पाणी गाडी बाजूला ढकलतं, चाकं किती फिरतात याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. तिथे थांबायचं.

आता गाड्यांबद्दल माझं मत. हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली ती फोर-बाय-फोरच. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, मागच्या ॲक्सलला डिफ लॉक. डिफ लॉक म्हणजे वर सांगितलेला डिफरन्शिअलचा स्वभावच बंद, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात. काळ्या मातीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण ऑन-रोड ती तुमच्या ३० लाखांच्या पुढे जाते, आणि बजेट ताणून घेतलेल्या गाडीला पुढे टायर आणि सर्व्हिस करताना हात आखडतो. व्ही-क्रॉस १.९ लिटरची, १६३ पीएस, ३६० एनएम. तुमच्या कामाला हा जोर पुरून उरतो. तिच्यात टू-बाय-फोर ऑटोमॅटिक मिळते आणि फोर-बाय-फोरही. ऑटोमॅटिकच्या मोहात टू-बाय-फोर घेऊन येऊ नका, एवढं सगळं वाचल्यावर तरी. दोन्ही कंपन्यांची वर्कशॉपं बोलेरोसारखी गावोगावी नाहीत, म्हणून सर्व्हिसला गाडी दोन दिवस उभी राहिली तर काय, याची सोय म्हणूनही ती जुनी कार ठेवायची. तुमच्या बजेटमध्ये, तुमच्या घरासाठी, मी व्ही-क्रॉसची फोर-बाय-फोर घेईन.

घेण्याआधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही साधारण ५.३ मीटर लांब आहेत, आणि सोसायट्यांमध्ये एका गाडीची जागा साधारण ५ मीटर लांब आखलेली असते. म्हणजे नाक नाहीतर शेपूट बाहेर राहणार. तुमच्यासमोर रस्ता अरुंद असेल तर शेजाऱ्यांशी रोजचं भांडण. खांब, वळण, पाण्याच्या टाकीचा पाइप, सगळं मोजा. वळायलाही मोठी जागा लागते. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या गल्ल्या या गाडीच्या नाहीत, तिथे कारच न्या. सिंहस्थाच्या कामांनी खोदलेल्या रस्त्यांवर तर दोनदा विचार करा.

अजून एक, जे लोक शेवटी विचारतात तेव्हा उशीर झालेला असतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी गरम होऊन बऱ्यापैकी वेगाने वीस-पंचवीस मिनिटं चालावी लागते. मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडायला रोज पिकअप काढली तर ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. शाळेला कार, मळ्याला पिकअप. मळ्याची फेरी झाली की जाळी आपोआप साफ होते.

फोर-बाय-फोर वापरात नसलं तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जोडून चालवा, म्हणजे पुढच्या ॲक्सलमध्ये तेल फिरत राहतं आणि सील सुकत नाहीत. पाण्यातून गेलात तर डिफरन्शिअलचं तेल तपासून घ्या. दुधासारखं पांढरट दिसलं तर लगेच बदला. मागचे पाटे भारासाठी बनवलेले असतात, रिकामी गाडी उडते. टायरची हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते, रिकाम्याची वेगळी आणि भरल्याची वेगळी. आई मागे बसणार असतील त्या दिवशी रिकाम्याची ठेवा, पाठीला फरक कळेल. टोमॅटोचे थोडेच क्रेट नेताना ते कॅबच्या भिंतीला चिकटवून बांधा, खाली रबरी मॅट टाका, नाहीतर मार्केटला पोचेपर्यंत खालचा थर दबतो.

ट्रायल मागताना सेल्समन गंगापूर रोडवर एक चक्कर मारून आणेल. ती ट्रायल नव्हे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा, नानांना पुढे आणि आईंना मागे बसवा, आणि थेट तुमच्या मळ्याकडे चला. डांबरी संपते तिथे गाडी थांबवा, फोर-एच जोडा, आणि सेल्समनला मागे बसवून ते ६०० मीटर तुम्ही स्वतः चालवा. नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा.